सायलेन्सर बदलायचा, पण किती?

पावसाळा सरता सरता येणाऱ्या पत्रांत सायलेन्सरच्या तक्रारी हटकून असतात. या वेळी त्या इतक्या आल्या की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. सारख्या अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक आहे. जूनपासून आवाज वाढत गेला, आता गल्लीच्या टोकापासून ऐकू येतो. सर्व्हिस सेंटरने ‘मॅनिफोल्डच्या पुढचे सगळेच बदलावे लागेल’ म्हणून २६ हजारांचे एस्टिमेट दिले. नाक्यावरचा वेल्डर ६०० रुपयांत पॅच मारून देतो म्हणतो. गाडी अजून तीन-चार वर्षे वापरायची आहे. मधला मार्ग आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आहे, आणि बहुतेक जुन्या गाड्यांना तोच लागू पडतो. आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो ती सुट्या भागांची साखळी असते. इंजिनाला धूर गोळा करणारे मॅनिफोल्ड, त्याला लागून किंवा थोडे पुढे धुरातले घातक वायू कमी करणारी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजेच ‘कॅट’, मग जाळीचा लवचिक तुकडा म्हणजे फ्लेक्झिबल पाइप, पुढे मधला छोटा डबा, मागच्या अॅक्सलवरून वळण घेणारा पाइप आणि शेवटी मागचा मोठा डबा. गाडीप्रमाणे क्रम थोडा इकडेतिकडे होतो, काही भाग एकमेकांना जोडूनच मिळतात. पण हे सगळे एकाच वेगाने सडत नाहीत, आणि तुमची बचत नेमकी इथेच आहे.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण लिटरभर पाणी तयार होते. पुढचा भाग इतका तापतो की तिथे ते वाफ होऊनच पुढे सरकते. मागचा डबा इंजिनापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत थंड. वाफ तिथे गार होऊन साचते, त्यात धुरातले आम्लधर्मी वायू विरघळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर डबा पुरेसा तापतच नाही, पाणी तसेच राहते. कोकणात बाहेरून खारी हवा आणि चिखल यांची भर. म्हणून आधी मागचा डबा जातो, मग त्याच्या पुढचा पाइप, मग मधला डबा. पुढचा भाग गंजून तांबूस दिसतो, पण जाड आणि धडधाकट असतो. वरवरचा गंज पाहून तो बदलू नका.

म्हणून पैसे मोजण्याआधी गळती कुठे आहे ते शोधा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत गाडी सुरू करा. दुसऱ्या माणसाने जाड हातमोजे घालून, घडी केलेले ओले फडके टेलपाइपच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरायचे. साखळी धड असेल तर इंजिन गुदमरू लागते. छिद्र असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. जागा नक्की करायला साबणाचे पाणी सांध्यांवर आणि वेल्डिंगच्या शिवणींवर शिंपडा, बुडबुडे येतील तिथे गळती. हे सगळे पाइप तापण्याआधी, दोन मिनिटांत आटोपायचे. सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर तोही पुरावाच. गाडी रॅम्पवर असेल तर मेकॅनिकला डब्याच्या तळाशी आणि शिवणीवर स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबायला सांगा. पत्रा दबला किंवा टोक आत गेले तर तो भाग संपला. ठोकून पाहिल्यावर आत काही खुळखुळले तर डब्यातले पडदे सुटले आहेत, बाहेरून तो कितीही चांगला दिसो.

एक आवाज मात्र वेगळा ओळखा. थंड इंजिनाला टिक-टिक ऐकू येते आणि गाडी तापली की थांबते, तर दोष मॅनिफोल्डच्या गॅस्केटमध्ये (सांधा बंद ठेवणाऱ्या पट्टीत) किंवा मॅनिफोल्डला गेलेल्या तड्यात असतो. तापल्यावर धातू फुगून फट बुजते. अशा वेळी मागचा डबा बदलून उपयोग नाही.

आता खरेदी. एस्टिमेटमध्ये प्रत्येक भागाची किंमत आणि मजुरी वेगळी लिहून मागा. कॅट यादीत असेल तर सर्वांत मोठा आकडा बहुधा तिचाच निघेल. ती खराब असल्याचे कोणी तपासून दाखवले नसेल तर ती ओळ खोडायला सांगा. मागचा डबा आणि त्याचा पाइप बाहेरच्या कंपनीचा घ्यायला हरकत नाही. मात्र डबा हातात घेऊन वजन बघा आणि शिवण दुमडलेली आहे की नुसती टाक्यांवर आहे ते पाहा. साध्या लोखंडी पत्र्यावर चंदेरी रंग मारलेला डबा आणि अॅल्युमिनियमचा थर दिलेल्या पत्र्याचा डबा दुकानात सारखेच चमकतात. आतल्या किंवा दिसणार नाही अशा कोपऱ्यात नखाने खरवडा, रंग असेल तर निघतो. दमट हवेत साधा रंगवलेला डबा फार टिकत नाही, त्यामुळे थोडे जास्त देऊन थर दिलेला घेणे परवडते. फ्लेक्झिबल पाइप, गॅस्केट आणि सायलेन्सर टांगणारे रबरी हँगर यांत काटकसर करू नका. हे स्वस्तातले भाग आहेत आणि नवा डबा किती टिकेल हे तेच ठरवतात.

जुन्या बाजारातला वापरलेला डबा? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा अशा कुठल्याही बाजारात तो मिळेल, पण तो तुमच्या डब्याइतकाच आतून सडलेला असण्याची शक्यता मोठी आणि बाहेरून ते कळत नाही. जुन्या बाजारातून घ्यायचेच तर मॅनिफोल्ड घ्या. ते बहुधा ओतीव आणि जाड असते, तडा गेला असेल तर डोळ्यांना दिसतो.

राहता राहिला ६०० रुपयांचा पॅच. पाइपला एकाच जागी छिद्र असेल आणि आजूबाजूचा पत्रा ठोकल्यावर खणखणीत वाजत असेल तर खुशाल मारा. डब्याच्या तळाला असेल तर नको. त्याचे कारण पुढच्या एका उत्तरात आहे.

आणखी एक हिशेब. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. २०१० ची गाडी त्या टप्प्याला आलीच आहे. तपासणीत भोक पडलेला सायलेन्सर चालत नाही, तेव्हा खर्च होणारच आहे. तो तपासणीच्या आधी करा म्हणजे दुसरी फेरी वाचेल.

प्रश्न : गॅरेजची मजुरी वाचवण्यासाठी मधला आणि मागचा डबा घरीच बदलायचा विचार आहे. हत्यारे बेताची आहेत, ब्रेक पॅड वगैरे कामे करतो. काय काळजी घ्यावी? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : या कामात अवघड असतो तो जुना भाग काढणे. नवा बसवायला तास पुरतो. गंजलेला एक बोल्ट मात्र अख्खी दुपार खातो.

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारा, सकाळी पुन्हा एकदा. जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. सपाट, टणक जमिनीवर दोन जॅक स्टँड, म्हणजे घोड्या, त्यांवर गाडी, आणि जमिनीवरच्या चाकांना ठोकळे. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कधीही नाहीत, ते न सांगता फुटतात. डोळ्यांना चष्मा लावा, कारण गंजाचे पोपडे थेट तोंडावर पडतात.

पान्याचे माप आधी बघून ठेवा. जपानी पद्धतीच्या गाड्यांत ८ मिमीच्या बोल्टला १२ चा पाना लागतो आणि १० मिमीच्या बोल्टला १४ चा, युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत ८ मिमीला १३ चा. गंजलेल्या नटावर बारा कोनी पाना घसरून कोपरे गोल करतो, म्हणून सहा कोनी सॉकेटच वापरा. नट हलत नसेल तर आधी किंचित आवळून पाहा, गंजाची पकड सुटते, मग सोडवा. मागच्या बाजूचे बोल्ट नाहीच सुटले तर हॅकसॉने कापा. नवे बोल्ट स्वस्त आहेत. ग्राइंडर लवकर काम करतो, पण पेट्रोलची टाकी तिथेच वर असते आणि ठिणग्या तिकडेच उडतात, म्हणून घरच्या कामात तो नको. मॅनिफोल्डचे स्टड गंजले असतील तर त्यांना हातच लावू नका. एक स्टड आत तुटला की ड्रिल करून काढावा लागतो, आणि मजुरीतली सगळी बचत तिथे संपते.

रबरी हँगर काढताना साबणाचे पाणी लावा. तेल किंवा ग्रीस लावले की रबर फुगते आणि काही महिन्यांत फाटते. जुने भाग निघाल्यावर नवे आणि जुने जमिनीवर शेजारी शेजारी ठेवून मापा. लांबी, फ्लँजचा (सांध्याच्या बोल्टच्या चकतीचा) कोन, हँगरच्या सळयांची जागा, पाइपचा बाहेरचा व्यास. बाहेरच्या कंपनीच्या मालात सळई दोन सेंटिमीटर इकडेतिकडे असणे नवलाचे नाही. ते जमिनीवर कळले तर दुकानात बदलून मिळते, बसवल्यावर कोणी घेत नाही.

बसवताना सगळे भाग आधी हँगरवर टांगा आणि सर्व सांधे हातानेच, सैल ठेवा. मग पाइप फिरवून जागा जुळवा. अॅक्सल, टाकी, हँडब्रेकची तार, बंपर या सगळ्यांपासून बोटभर, म्हणजे २० ते २५ मिमी अंतर हवे. गाडी टांगलेली असताना मागचा अॅक्सल खाली लोंबतो आणि पाइप मोकळा वाटतो. गाडी जमिनीवर आल्यावर अंतर कमी होते, म्हणून तेव्हा पुन्हा बघा. तीन मीटरचा पाइप तापला की जवळपास सेंटिमीटरभर लांबतो, तेव्हा हँगर ताणून बसवू नका. मग पुढून मागे या क्रमाने आवळा.

जुने गॅस्केट पुन्हा वापरायचे नाही. गोल कड्यासारखे डोनट गॅस्केट बाहेरून ठीक दिसले तरी दबून बसलेले असते. त्या सांध्याला स्प्रिंगचे बोल्ट असतात. इंजिन हलते तेव्हा सांध्याने वाकावे म्हणून ते दिलेले असतात. बोल्ट खांद्याला टेकेपर्यंतच आवळायचा, स्प्रिंगला जीव राहिला पाहिजे. अनेक ठिकाणी स्प्रिंग हरवल्यावर साधा बोल्ट घालून सांधा करकचून आवळतात. मग हलण्याचा सगळा मार पुढच्या पाइपवर येतो आणि त्याला तडा जातो.

शेवटी इंजिन सुरू करून साबणाच्या पाण्याची चाचणी पुन्हा घ्या. पहिली दहा-पंधरा मिनिटे तेल आणि रंग जळल्याचा वास, थोडा धूर येईल, घाबरू नका. शंभरेक किलोमीटर चालल्यावर गाडी थंड असताना सगळे बोल्ट एकदा तपासा, नवे गॅस्केट बसून ते थोडे सैल झालेले असतात.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो कॅट चोक झाली आहे, काढून सरळ पाइप टाकू, मायलेजही वाढेल. खर्चही दोन हजारांच्या आत आहे. टाकू का? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर : नको. मायलेजचे आमिष अर्धवट खरे आहे. चोक झालेली कॅट काढली की गाडी मोकळी पळते, पण चांगली कॅट बसवली तरी तेवढीच मोकळी पळते. फरक अडथळा गेल्याचा असतो.

कायदा स्पष्ट आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय परवाना तीन महिन्यांसाठी अपात्र. पीयूसीची मर्यादाही पाहा. बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषण मानकांचा टप्पा) पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, बीएस-२ आणि बीएस-३ गाडीला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. कॅटशिवाय बीएस-४ चे आकडे प्रामाणिक मशिनवर येणे कठीण. गाडीला कॅटच्या मागे दुसरा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल तर डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवाही लागेल.

पण त्याआधी, ती खरेच चोक आहे का? मेकॅनिकला दाखवायला सांगा. कॅटच्या आधीचा, इंजिनाच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून धूर बाहेर पडू देत गाडी थोडा वेळ रेस करून पाहता येते. अचानक मोकळी झाली तर अडथळा पुढे कुठेतरी आहे. मग कॅटच्या मागचा सांधा सोडून पुन्हा पाहा, कारण मधल्या डब्यात सुटलेला पडदा आडवा बसला तरी लक्षणे हीच दिसतात. रबरी हातोडीने कॅटवर हलके टकटक केल्यावर आत खडे वाजले तर चिनीमातीची जाळी फुटली आहे.

जाळी उगाच फुटत नाही. स्पार्क प्लग किंवा कॉइल खराब होऊन पेट्रोल न जळता पुढे गेले की ते कॅटमध्ये जळते आणि जाळी वितळते. पिस्टन रिंग झिजून इंजिन तेल पीत असेल तर तेलाची राख तिच्या भोकांत बसते. हे दोष न काढता नवी कॅट बसवली तर तीही तशीच जाईल. मिसफायर होत असलेली गाडी ढकलून किंवा ओढून सुरू करण्याची सवयही कॅटला महागात पडते.

आणि जुनी कॅट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. तिच्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात, भंगारवाले तिला चांगला भाव देतात. ‘जुना माल आमचा’ असे म्हणून मजुरी कमी सांगणाऱ्याचा हिशेब इथे दडलेला असतो. दोन-तीन ठिकाणी भाव काढा आणि तो नव्या कॅटच्या किमतीतून वजा करून घ्या. मूळ कंपनीची कॅट परवडत नसेल तर बाहेरच्या कंपनीची, तुमच्या इंजिनासाठी आणि आरसीवरच्या बीएस टप्प्यासाठी असलेली, बिल आणि वॉरंटीसह घ्या. पाइपात बसणारी कुठलीही नको.

प्रश्न : एकाच ठिकाणी तीनदा वेल्डिंग केले, दर वेळी टाक्याच्या कडेला पुन्हा फुटते. वेल्डर कच्चा की पत्रा? (म्हापसा)

उत्तर : पत्रा. आतून गंजलेला पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आला की आर्क वेल्डिंगचा ताप त्याला पेलत नाही, टाका बसतो आणि शेजारी नवे भोक पडते. त्यात पॅच जाड आणि बाजूचा पत्रा पातळ, म्हणजे कंप येतो तेव्हा ताण बरोबर कडेला पडतो. पाइप असेल तर सडलेला तुकडा दोन्ही बाजूंनी चांगला पत्रा लागेपर्यंत कापून त्याच व्यासाचा नवा तुकडा जोडा. आर्कऐवजी मिग वेल्डिंग असलेला कारागीर शोधा. सोबत हँगर तपासा. एक रबर तुटले असेल तर डबा लोंबकळतो आणि दर खड्ड्याला त्याच जागेला हिसका बसतो. तारेने बांधून घरी पोहोचणे ठीक, पण तार रबरासारखी झोके जिरवत नाही, ती तशीच ठेवू नका.

भोक बुजवायला घरगुती इपॉक्सी लांबी (पुट्टी) लावू नका, ती जळून गळून पडते. नळाच्या कामातला जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही नको, वेल्डिंगच्या वेळी त्याचा पांढरा धूर कारागिराला ताप आणतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायला सांगा, ऑक्सिजन सेन्सरचा सॉकेटही सोडवून ठेवा.

प्रश्न : नवा पुढचा पाइप बसवल्यापासून आवाज गेला, पण मायलेज १७ वरून १३ वर आले. संबंध आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीचा एखादा सांधा बारीक गळत असणार. धूर धडधडत येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये दाब कमी होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, वाटते पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवत राहतो. कानाला ऐकू न येणारी गळतीही हे करते, म्हणून साबणाचे पाणी.

सांधा बंद करायला साधा सिलिकॉन सीलंट वापरला असेल तर आणखी भीती. त्याच्या वाफा सेन्सरचे टोक निकामी करतात. सेन्सरची तार ताणलेली किंवा पाइपाला टेकून वितळलेली नाही ना, तेही बघा. सेन्सर पुन्हा बसवताना आट्यांना जकडरोधक पेस्ट चालते, टोकाला नाही.

प्रश्न : एसी लावून उभ्या गाडीत बसले की डोके दुखते. सायलेन्सरला भोक आहे, पण ते मागे आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवणे बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकेदुखी आणि मळमळ ही त्याची पहिली खूण. उभ्या गाडीखाली धूर साचतो आणि जमिनीतली रबरी बुचे, गिअरचे बूट, डिकीचे फाटलेले रबर यांतून आत शिरतो. भोक मागे असले तरी हॅचबॅकमध्ये डिकी आणि बसायची जागा एकच असते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका. पैशाची ओढाताण असेल तर बाकीची कामे मागे ठेवा, हे पहिले. दुरुस्तीनंतरही डोके दुखले तर मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासा. तिथली गळती बॉनेटखालून थेट पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीत येते.

प्रश्न : स्टीलचा सायलेन्सर बनवून घेतला तर कायमचा प्रश्न सुटेल का? चुंबक चिकटत नाही म्हणजे अस्सल स्टील ना? (सांगली)

उत्तर : चुंबकावर विसंबू नका. ३०४ प्रतीचे स्टील चुंबकाला चिकटत नाही, पण स्वस्त २०२ प्रतही चिकटत नाही आणि ती लवकर गंजते. उलट कंपन्या सायलेन्सरसाठी सर्रास वापरतात ती ४०९ प्रत चुंबकाला चिकटते आणि या कामाला चांगली आहे. बिलावर प्रत आणि पत्र्याची जाडी लिहून घ्या. स्टील आणि साधे लोखंड जोडायचे तर ३०९ एल प्रतीची तार लागते, नाहीतर सांधा तडकतो. पाइपचा व्यास मूळचाच ठेवा आणि डब्यात ध्वनिरोधक पडदे असल्याची खात्री करा. एक गोष्ट मात्र आहे, तीन-चार वर्षांत गाडी विकायची असेल तर हा खर्च वसूल होत नाही.

प्रश्न : सीएनजी किट बसवल्यापासून टेलपाइपमधून पाणी टपकते, हेड गॅस्केट गेले का? (ठाणे)

उत्तर : कूलंटची पातळी स्थिर असेल, तापलेल्या इंजिनातून दाट पांढरा धूर येत नसेल, तर नाही. एक किलो सीएनजी जळले की सव्वादोन लिटरच्या आसपास पाणी तयार होते, पेट्रोलपेक्षा बरेच जास्त. थंड सकाळी ते टपकणारच. याच कारणाने सीएनजी गाड्यांचे मागचे डबे लवकर जातात. डब्याच्या तळाशी दोन-तीन मिलिमीटरचे एक बारीक भोक कंपनीने मुद्दाम दिलेले असते, पाणी निचरण्यासाठी. मेकॅनिक अनेकदा ते गळती समजून वेल्डिंगने बुजवतो. तसे केले असेल तर उघडून घ्या, चिखलाने बुजले असेल तर तारेने साफ करा. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवली की साचलेले पाणी वाफ होऊन निघून जाते.